पहिली भाकर

४ जानेवारी, रविवार

नव्या वहीचा कागद पातळ निघाला. शाई मागे उमटते. सिस्टर अ‍ॅग्नेस असत्या तर म्हणाल्या असत्या, "एकाच बाजूला लिही, राजेश्री, आणि हात हलका ठेव." तसंच करीन.

आजच्या पेपरात मोठी बातमी. फेब्रुवारीत परभणीला जागतिक ज्वारी परिषद भरणार. तीन दिवस, एकतीस देश. मंडप आमच्या घरासमोरच्या मैदानावर. गावाबाहेर मोकळी जमीन पुष्कळ आहे, पण पाहुण्यांना शहराच्या मध्यावरची खरी वर्दळ दाखवायची आहे, असं छापलं होतं. वाचून बरं वाटलं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात मी आठ वर्षं होते. "परभणी कुठे आलं?" असं मुली विचारायच्या. मी कधी "नांदेडच्या पलीकडे" म्हणायचे, कधी "औरंगाबादच्या अलीकडे". परभणीला स्वतःची अशी जागाच नव्हती. आता होईल.

दहाला, बाहेरच्या ओट्यावर भाकरी विकणाऱ्या सुलाबाईने भिंतीवरून पहिली भाकरी दिली, तेव्हा तिला बातमी सांगितली.

"ज्वारीची परिषद? म्हंजी काय करणार, अक्का?"

"ज्वारीवर बोलणार. जगभरचे लोक."

"नुस्तंच बोलणार? खाणार न्हाईत?"

तिची लेक पिंकी परातीत पीठ मळत होती. कॉलेजला जायच्या आधी ती तासभर आईच्या हाताखाली असते. ती म्हणाली, "खायला आपल्याकडंच येतील की गं. मैदानाचं फाटक ओलांडलं की तुझा ओटा."

"मग ज्यादा दळून आणावं लागंल," सुलाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

८ जानेवारी, गुरुवार

आज दोन मुलं फीत घेऊन रस्ता मोजत होती. ओटाही मोजला, वहीत लिहिला. म्हणून मीही ओट्याचं लिहून ठेवते. माझ्यानंतर हे सांगायला कुणी नाही.

ओटा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, १९७४ साली बांधला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं सरकीचं दुकान होतं; गुरुसिद्धप्पा म्हटलं की लोक ओळखायचे. सुलाबाईची सासू नर्मदाबाई त्या काळात आमच्या भिंतीपाशी तीन दगड मांडून हमालांसाठी भाकरी भाजायची. पाऊस आला की चूल विझायची. अण्णांना तिला आवारात जागा द्यायची होती. आई म्हणाली, आवारात नको. नर्मदाबाई बौद्धांच्या वस्तीतली, आणि आईचं पूजाअर्चेचं, पाण्याचं सगळं वेगळं असे. मग अण्णांनी मधला मार्ग काढला. भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या जागेत, शहाबादी फरशीचा ओटा बांधला. वर पत्रा घातला. भिंतीला भोक पाडून नळाची एक तोटी बाहेर काढून दिली. नर्मदाबाईने भाड्याचं विचारलं, तर म्हणाले, "जागेवाल्याला रोजची पहिली भाकर. बस्स."

ती भाकरी अण्णा घरात आणत नसत. फाटकाबाहेर, रस्त्यावर उभं राहून, हातावर भाकरी आणि तिच्यावरच चटणी घेऊन खात. मागेपुढे हमाल. येणारेजाणारे बघत. सुट्टीत मी आलेली असले की मला त्याची फार लाज वाटायची. आम्हाला कॉन्व्हेंटात उभ्याने खायला बंदी होती.

अण्णा गेल्यावर आईने रीत मोडली नाही. फक्त भिंतीलगतच्या खिडकीत जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, एक ताटली ठेवली, भाकरी ठेवायला. नर्मदाबाई गेली, सुलाबाई आली. आई गेली, मी आहे. ताटली तिथेच आहे. मी भाकरी तिच्यातून माझ्या ताटात घेते आणि ताटली तिथल्या तिथे विसळून परत खिडकीत ठेवते. लहानपणी पिंकी माझ्याकडे इंग्रजी शिकायला बसायची, तेव्हा तिने विचारलं होतं, "अक्का, ही ताटली आत का नाही नेत?" मी सांगितलं, तिची जागा ठरलेली आहे.

१३ जानेवारी, भोगी

सुलाबाईने तीळ लावलेली बाजरीची भाकरी दिली. वर लोण्याचा गोळा. खाताना जेसीबीचा आवाज चालू होता.

ओट्यावरच्या कडुनिंबाच्या फांद्या छाटल्या. कॅमेऱ्याच्या आड येत होत्या म्हणे. सुलाबाईने पडलेल्या काटक्या चुलीला गोळा केल्या, तर एक माणूस येऊन त्या सरकारी मोजणीतल्या आहेत म्हणून घेऊन गेला. रस्त्यावरची कुत्रीही गाडीत घालून नेली. रात्री इतकं शांत होतं की झोप लागेना.

१९ जानेवारी, सोमवार

आज परिषदेच्या स्वागत कक्षातून एक तरुण गृहस्थ आले होते. नाव सूर्यभान. इस्त्रीचा पांढरा शर्ट, फार अदबशीर बोलणं. म्हणाले, त्यांचे वरिष्ठ आठवीत माझ्या वर्गात होते आणि अजून सांगतात, "अक्षर पाहावं तर राजेश्री मॅडमचं."

पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या हाताने लिहून हव्या आहेत. छापील नकोत. एकशे चाळीस नावं. आणि परिषदेच्या दिवशी 'आपली चूल' नावाचं दालन आहे, तिथे उभं राहून पाहुण्यांना इंग्रजीतून भाकरी समजावून सांगायची. गळ्यात घालायचा पास मिळेल. मी हो म्हटलं. शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. इतकी वर्षं मला कुणी काही विचारायला आलेलं नाही.

चहा झाल्यावर खिडकीतून बाहेर पाहत त्यांनी विचारलं, "हा ओटा कुणाचा, मॅडम?"

"आमच्या अण्णांनी बांधला."

"म्हणजे तुमचा?"

"भिंतीबाहेर आहे तो."

"बरं, बरं. सहज विचारलं."

कपाटातून जुना टाक काढला. निब गंजलेलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

पाट्या सत्तर झाल्या. आफ्रिकेतली नावं लिहायला सुरेख आहेत, स्वर पुष्कळ.

बाहेर मात्र त्रास सुरू झाला आहे. रस्ता निम्मा खोदला आहे. रिक्षा इकडे यायच्या बंद. भाजीवाल्या बायांना रेल्वे फाटकापलीकडे बसवलं. मेथीची एक जुडी आणायला आज पाऊण तास गेला. शाळांना पुढल्या महिन्यात पाच दिवस सुट्टी. पाहुण्यांना ज्या वर्दळीसाठी इथे आणायचं, ती रोज थोडी थोडी कमी होते आहे. पण मोठ्या कामात एवढं होतंच.

सुलाबाई दुपारी फाटकातून आत आली. ती सहसा आत येत नाही, भिंतीवरूनच बोलते. पायरीवर बसली.

"अक्का, ओटा पाडायलेत म्हंतेत."

"कोण म्हणतं?"

"तुमच्याकडं चहा पिऊन गेला न्हाई का, पांढऱ्या सदऱ्याचा? तोच बोलला. म्हणला, ओटा रस्त्याचा असंल तर उद्याच्याला जाईल. घरवाल्याचा असंल तर आमाला हात लावता येत न्हाई. नोटीस द्यावी लागती, महिना जातो. तवर तर परिषद उरकून बी जाती."

"असं म्हणाला?"

"व्हय. मग तुमी नुस्तं लिहून द्या की, ओटा आमचा. एक ओळ." तिने पदराने गुडघा पुसला. "दुसरीकडं बसावं तर गिऱ्हाईक कुठून आणू? दवाखान्यातले, एसटीचे, समदे ह्याच जागेला वळखतेत. पिंकीचं शेवटलं वर्ष हाय. चूल हितं हाय म्हणून घर हाय, अक्का."

मी म्हटलं, "पाहते."

"तुमी पाहते म्हणलाव, मला फिकीर न्हाई," ती म्हणाली आणि उठून गेली.

२७ जानेवारी, मंगळवार

दोन रात्री विचार केला. लोखंडी पेटीतून घराचे कागद काढले. उर्दूतला जुना नकाशा आणि त्याचं मराठी भाषांतर. हद्द भिंतीपर्यंत आहे, यात शंका नाही. अण्णांनी ओटा मुद्दाम हद्दीबाहेर बांधला होता.

सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणत, खोटं लहान नसतं आणि मोठंही नसतं. एकदा मी मैत्रिणीसाठी खोटं बोलले होते. तिने डब्यातला पाव घेतला होता, मी म्हटलं मी दिला. मला सबंध रविवार चॅपलमध्ये बसवलं. पाव घेतला म्हणून तिला काही झालं नाही. ते मी विसरले नाही.

आज सूर्यभान आले. कोऱ्या कागदावर ओट्याच्या मालकीबद्दल निवेदन हवं होतं. मी विचारलं, "ओटा आमचा आहे असं लिहिलं तर?"

ते म्हणाले, "तर तो राहील, मॅडम. सध्या तरी. पुढे अतिक्रमणाची नोटीस तुमच्या नावे निघेल, तुम्हाला दोनचार खेटे पडतील. बाकी काही नाही." आणि पुढे म्हणाले, "पण स्वागत कक्षातल्याच माणसाचं अतिक्रमण निघालं तर आमच्या साहेबांना जरा अवघड जाईल."

खरं लिहायचं तर नोटिशीची भीती वाटली. आमच्या घराला कधी नोटीस आलेली नाही. पण मुख्य गोष्ट ती नव्हती. जे नाही ते आहे म्हणून कसं लिहायचं?

इंग्रजीतून लिहिलं. घराच्या भिंतीबाहेरील ओट्यावर माझी किंवा माझ्या कुटुंबाची कोणतीही मालकी नाही. खाली सही. तीनदा उतरवून काढलं. शेवटची प्रत फार सुबक आली. सूर्यभान म्हणाले, "फ्रेम करून ठेवावी अशी आहे."

सुलाबाईला अजून सांगितलेलं नाही. तिचं काहीतरी बघतीलच. एवढी मोठी परिषद ज्वारीचीच आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज रंगीत तालीम होती. सकाळी नऊला गाडी न्यायला आली, ती मैदानाला अर्धा वळसा घालून मागच्या फाटकाने आत शिरली. घरासमोरून चालत गेले असते तर तीन मिनिटं लागली असती, पण पायी आत सोडत नाहीत. 'आपली चूल' दालन बघितलं. मातीची चूल छान सारवलेली आहे, आत गॅसची शेगडी बसवली आहे. मुंबईहून आलेली एक मुलगी नऊवारी नेसून भाकरी करणार. वाटीच्या तोंडाने कापून पुरीएवढ्या करते. मी म्हटलं, थापून करायच्या असतात. ती म्हणाली, "आंटी, ह्या खायच्या नाहीत, दाखवायच्या आहेत."

तीनला परत आले. ओटा नव्हता.

पत्रा नव्हता, तोटी नव्हती, भिंतीतल्या भोकाला सिमेंट लावलं होतं, तेही अर्धवट सुकलेलं. जागेवर बारीक खडी. इतकी सपाट की पन्नास वर्षांत तिथे काही होतं असं वाटेना.

शेजारचे पंडितराव गच्चीवरून सगळं बघत होते. त्यांनी सांगितलं. साडेदहाला जेसीबी आला. सुलाबाई आधी खूप भांडली. म्हणाली, ओटा गुरुसिद्धप्पांचा हाय, अक्काला येऊ द्या, मग हात लावा. सूर्यभानांनी कागद दाखवला. पिंकीने हातात घेऊन वाचला. एकदा वाचला, परत वाचला.

सुलाबाईने विचारलं, "अक्काचा दस्तखत हाय का?"

पिंकी म्हणाली, "अक्काचाच हाय. अक्षर वळखत न्हाई का मी?"

"त्यानंतर," पंडितराव म्हणाले, "बाई चुलीकडे वळली बघा. तवा निवू दिला, फडक्यात बांधला, डोक्यावर घेतला आणि गेली. पोरगीच्या हातात परात."

तंटा वाढवला नाही हे बरं केलं. सुलाबाई मुळात समजूतदार. खरं काय ते तिला पटलं असणार.

हात धुताना खिडकीकडे लक्ष गेलं. ताटलीत भाकरी होती. दहाची. कागद यायच्या आधी ठेवलेली. वाळून चामड्यासारखी झाली होती. कॉन्व्हेंटात अण्णा भेटायला यायचे, तेव्हा धोतराच्या फडक्यात बांधून अशाच भाकरी आणायचे, रात्रभर रेल्वेत वाळलेल्या. मी त्या उशीखाली ठेवायचे आणि तुकडा तुकडा खायचे.

दुधात भिजवून खाल्ली.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दूध आणायला चौकात गेले आणि परत येताना पोलिसाने अडवलं. पास नव्हता. पास घरात होता. मी म्हटलं, ते समोर दिसतं ते माझं घर. तो म्हणाला, "मावशी, समद्यांचंच घर समोर असतंय. पास दाखवा." अर्धा तास उन्हात उभी. शेवटी सूर्यभानांना फोन लावला, त्यांनी सोडवलं. पोलीस बिचारा बीडहून आलेला, दोन दिवस जेवणाचे हाल. म्हणाला, "हितं भाकरी कुठं मिळती, मावशी? कुणी म्हणलं ह्या रस्त्यावर एक बाई बसती."

मी म्हटलं, "बसायची."

ओट्याच्या जागी झेंडूच्या कुंड्या मांडल्या आहेत. सव्वीस. कुंडीला हात लावू नये अशी पाटी, इंग्रजीतून. 'फ्लावर' आणि 'फ्लोअर' यांची गल्लत केली आहे. दुरुस्त करून द्यावी म्हणून टाक घेऊन गेले, पण हात लावू नये अशीच पाटी होती.

वस्तीच्या तोंडाला हिरवं कापड लावलं आहे, बारा फूट उंच. कापडावर ज्वारीच्या शेताचं चित्र. पिंकी त्या कापडाच्या मागच्या वस्तीत राहते. आज कडेने निघताना दिसली. मी हाक मारली. गडबडीत असावी.

गॅस आला नाही. सिलिंडरच्या गाडीलाही पास नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

परिषद सुरू. भाषणं. मैदानाबाहेर रस्ता पूर्ण रिकामा. एकही सायकल नाही. बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुमच्या शहरात लोक कमी आहेत का?"

पाट्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. काही जण आपली पाटी खिशात घालून घेऊन गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज एक गोष्ट घडली, ती नीट लिहिते.

माली देशातून आलेल्या अमिनाता नावाच्या एक बाई 'आपली चूल' दालनात बराच वेळ रेंगाळल्या. माझ्याच वयाच्या. ज्वारीच्या बियाण्यावर तीस वर्षं काम केलेल्या. त्यांनी पुरीएवढी भाकरी उचलली, वाकवली, ती मोडली. मला म्हणाल्या, "तुमच्या घरी हे असंच करतात?"

मी नाही म्हटलं. आणि मग का कुणास ठाऊक, मी त्यांना अण्णांची सगळी गोष्ट सांगितली. तीन दगड, ओटा, पहिली भाकरी, रस्त्यावर उभं राहून खाणं, नर्मदाबाईनंतर चुलीवर बसलेली सुलाबाई. माझं इंग्रजी इतकं चांगलं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "ती बाई अजून आहे? मला तिला भेटायचंय. मला तिच्या तव्यावरची खायची आहे."

मी म्हटलं, "ती गावाला गेलीय. वालूरला. लेकीचं लग्न आहे."

वालूर का तोंडात आलं, कळत नाही. सुलाबाईचं वालूरला कुणी नाही. लग्न तर कुठून सुचलं कोण जाणे. परक्या माणसाला आपल्या गावातलं काय काय सांगत बसायचं, म्हणून सोयीचं बोलले. त्यात कुणाचं नुकसान नाही.

अमिनाताबाईंनी गळ्यातली मातीच्या मण्यांची माळ काढली आणि माझ्या हातात ठेवली. नवरीला द्या म्हणाल्या.

आता ती माळ टेबलावर आहे. तांबूस मणी, प्रत्येक वेगळा. हाताने केलेले.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. पूजेला मन लागलं नाही.

पाहुणे गेले. दोन दिवसांत कुंड्याही गेल्या, लोक दुचाकीवर पुढे धरून घेऊन गेले. हिरवं कापड फाटलं आहे, त्यातून वस्ती दिसते. नवा रस्ता पुन्हा खोदायला घेतला. पाण्याचा पाइप फुटला आहे. मैदानात खिळे आणि पाण्याच्या बाटल्या. पोरांना खेळायला अजून सोडत नाहीत.

पंडितराव म्हणाले, "बनी तो बनी, नही तो परभणी. आपली काही बनली नाही, मॅडम."

मी हसले. पण दहा वाजले की अजून खिडकीपाशी जाते.

सूर्यभानांना फोन केला. ओट्याचं पुन्हा काही होईल का, एवढंच विचारायला. म्हणाले, "कशाचा ओटा, मॅडम? तुम्हीच तर लिहून दिलंत, तो तुमचा नाही म्हणून." आवाज तसाच अदबशीर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सुलाबाईचा पत्ता लागला. जिंतूर रोडला, गावाच्या कडेला, सिताराम नावाच्या माणसाच्या सायकल दुकानापुढे बसते. रिक्षाने गेले. पर्समध्ये माळ.

जागा वाईट. धुरळा, ट्रक. वर एक जुनी ताडपत्री. पाचसहा गिऱ्हाइकं उभी होती, सुलाबाई खाली मान घालून थापत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिलं.

"या, मॅडम. किती देऊ?"

चाळीस वर्षांत तिने मला मॅडम म्हटलेलं नाही. गिऱ्हाइकांपुढे म्हणाली असेल.

मी म्हटलं, "दोन." मग म्हटलं, "कशी आहेस?"

"चाललंय की. पिंकी, मॅडमला दोन बांध."

पिंकीने भाकरी कागदात बांधल्या. मी माळ काढून तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"परिषदेला आलेल्या एका बाईंनी दिली. तुझ्या लग्नाची भेट."

"माझं लग्न?"

खरं तेच सांगितलं. "त्यांना तुझ्या आईला भेटायचं होतं. मी म्हटलं, सुलाबाई वालूरला गेली, लेकीच्या लग्नाला."

पिंकी माळेकडे बघत राहिली. एकेक मणी फिरवून पाहिला. रागावली नव्हती. वर्गात उत्तर तपासून बघावं तसं म्हणाली, "म्हणजे खोटं बोलता येतं की तुम्हाला."

पुढे अक्का म्हणाली नाही, मॅडमही म्हणाली नाही. माळ कागदात गुंडाळून तिने माझ्याच पिशवीत, भाकरीच्या वर ठेवली.

सुलाबाईने ऐकलं असावं. ती थापत होती. तिचा हात थांबला नाही.

घरी येऊन ताटात भाकरी घेतली. सही केली त्या दिवशी मला वाटलं होतं की मी एकच गोष्ट करते आहे, खरं लिहिते आहे. आज रिक्षात तो कागद शब्दन् शब्द आठवला. त्यात चूक एकही नव्हती.

उद्या लवकर जाईन. तवा तापायच्या आधी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साडेनऊला पोचले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. सुलाबाईने चूल नुकतीच पेटवली होती. मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. पहिली भाकरी फुगली. तिने ती उचलली, वर चटणी ठेवली आणि माझ्यासमोरून हात लांब करून दुकानाच्या दारात दिली. सिताराम बाहेर आला, तेलाचे हात पुसले आणि उभ्यानेच खाऊ लागला.

माझं तोंड तिने पाहिलं असणार.

"पहिली जागेवाल्याची असती," ती म्हणाली. "तुमच्याच अण्णांनी घालून दिलेली रीत हाय. तुमाला तर म्हाईत हाय."

"माहीत आहे," मी म्हटलं. "दुसरी दे."

तिने दुसरी भाजली. कागद उचलला.

"बांधू नको."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला. ताटली आणली नव्हती. तिने भाकरी माझ्या हातावर ठेवली, वर चटणी. हात भाजला. ट्रक जात होते, धुरळा येत होता, दोन शाळकरी मुली थांबून बघत होत्या. त्यातली एक मला ओळखत असावी.

मी तिथेच, रस्त्यावर, उभ्याने खाल्ली.

पैसे दिले. तिने घेतले.